भूमिगत कोळसा खाणीचा पृष्ठभाग आणि प्रवेश कसा सांभाळावा : खान्देशातून खाणीवर जाणाऱ्यांसाठी

खान्देशात कोळशाची खाण नाही. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे आणि आपल्याला कोळसा दिसतो तो भुसावळच्या यार्डातून दीपनगरच्या वीज केंद्राकडे जाणाऱ्या वाघिणींमध्ये. तरीही जळगाव, धुळे, भुसावळ येथून पदविका किंवा आयटीआय पूर्ण करून काही मुले वर्ध्याला गाडी बदलून चंद्रपूर, माजरी, वणीकडे किंवा नागपूरपलीकडे सावनेर भागात खाणीवर रुजू होतात. नव्या माणसाकडे बहुधा फाटक, लॅम्प रूम (टोपीवरचे दिवे देण्या-घेण्याची खोली), काटा, कोळशाचे आवार, कँटीन यांपैकी एखादे काम येते आणि ‘वरचे काम’ म्हणून त्याकडे थोडे कमीपणानेच पाहिले जाते. माझी सुरुवातही तशीच झाली. पुढील मजकूर अशा नव्या माणसासाठी, त्याने कोणत्या क्रमाने काय पाहावे आणि काय करावे, हे सांगण्यासाठी लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक कसोटी मनाशी धरावी. या क्षणी जमिनीखाली किती माणसे आहेत आणि ती कोण आहेत, हे वर असलेल्या माणसाला विचारताक्षणी सांगता आले पाहिजे. खाण अधिनियम, १९५२ मधील कलम ४८ चा आशय हाच होता : भूमिगत कामगारांची नोंदवही अशी असावी की, कोणत्याही क्षणी खाली असलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव तीत दिसावे. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावलेला असल्यामुळे कलमांचे क्रमांक आणि नोंदवह्यांचे नमुने व्यवस्थापकाच्या कार्यालयातून ताजे करून घ्यावेत. गरज मात्र तीच आहे. फाटकापासून कँटीनपर्यंतची प्रत्येक व्यवस्था हा आकडा खरा ठेवते की बिघडवते, या दृष्टीने तपासत गेल्यास काम आपोआप उलगडते.

पहिला आठवडा : नकाशा हातात घेऊन चालणे

रुजू झाल्यावर सर्वेक्षकाकडून पृष्ठभागाच्या नकाशाची प्रत मागावी आणि ती घेऊन संपूर्ण आवार पायी फिरावे. खाणीची तोंडे कोणती आहेत, त्यांपैकी उभी पिट कोणती व उतरती इन्क्लाइन कोणती, हवा कोणत्या तोंडाने आत जाते व पंखा कोणत्या तोंडावर बसवला आहे, हे प्रथम समजून घ्यावे. भूमिगत खाणीला बाहेर पडण्याच्या किमान दोन वाटा असाव्या लागतात. रोजची वाट सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्या वाटेकडे जाणारा रस्ता, तिच्या फाटकाची किल्ली आणि तिथला दूरध्वनी यांची चौकशी सहसा कोणी करत नाही. ती आपण करावी, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे असे सांगितले जाते त्याला ती प्रत्यक्ष दाखवायला सांगावी.

तोंडाभोवतीची अंतरे या फेरीतच पावलांनी मोजून ठेवावीत. खाणीच्या प्रवेशापासून १० मीटरच्या आतील बांधकाम न जळणाऱ्या साहित्याचे असावे लागते. १५ मीटरच्या आत वाळलेला पाला, गवत किंवा केरकचरा साचू द्यायचा नसतो, पुढील २४ तासांत लागणार असेल त्यापलीकडे कोणताही ज्वलनशील माल ठेवायचा नसतो आणि व्यवस्थापकाच्या लेखी आदेशाशिवाय आग पेटवायची नसते. नियम साधा असला तरी तो मोडणारी माणसे आपलीच असतात : थंडीच्या दिवसांत तिसऱ्या पाळीचा पहारेकरी पालापाचोळा गोळा करून शेकोटी पेटवतो, वेल्डिंगवाला ‘पाच मिनिटांचे काम’ म्हणून परवान्याशिवाय ठिणग्या उडवतो. आत जाणारी हवा त्या तोंडातूनच जात असते आणि वर पेटलेल्या वस्तूचा धूर काही मिनिटांत खालच्या माणसांपर्यंत पोचतो, हे पहारेकऱ्याला एकदा नीट समजावून सांगितले की, पुढे दंडाची भाषा फारशी करावी लागत नाही.

या फेरीत खाणीच्या हद्दीवरची शेतेही सोडू नयेत. ज्या भागाखालचा कोळसा काढून झाला आहे आणि खाली गोफ, म्हणजे रिकामी पोकळी, तयार झाला आहे, तिथे जमीन खचते व भेगा पडतात. त्या भेगांतून हवा आत जाऊन खाली राहिलेला कोळसा तापू शकतो, आणि पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी उतरते. म्हणून तिथे कुंपण, फलक व गुरे आत शिरू न देण्याची व्यवस्था असावी आणि मृगाच्या आधी भेगा मातीने बुजवून ठोकून घ्याव्यात. शेतकऱ्याशी बोलताना आपणही शेतकऱ्याच्या घरातले आहोत, हे विसरू नये. फाटकावरून हाकलून दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी कुंपणाची तार कापून येतो, हे मी पाहिले आहे.

फाटक : माणसांचे वेगळे, गाड्यांचे वेगळे

शक्य असेल तिथे कोळशाच्या ट्रकचे फाटक आणि माणसांचे फाटक वेगळे करावे. जागेअभावी ते एकच असेल तर पाळी बदलण्याच्या वेळी ट्रक बाहेर थांबवावेत. पायी येणाऱ्यांसाठी कठडा घातलेली वाट असावी, आणि ती हजेरीच्या खिडकीशी व पुढे लॅम्प रूमशी सरळ जोडलेली असावी; वाट वाकडी असली की माणसे ट्रकमधून आडवी जातात.

फाटकावर येणाऱ्यांचे चार गट पडतात : कायम कामगार, कंत्राटी कामगार, माल घेऊन येणारे आणि पाहुणे. पहिल्या गटाची फारशी अडचण नसते. खरी गफलत कंत्राटी कामगारांत होते, कारण मुकादम सकाळी यादी देतो एक आणि आणतो दुसरेच लोक. त्यामुळे खाली जाणाऱ्या प्रत्येकाचे वय १८ वर्षे पूर्ण आहे, त्याची प्रारंभिक वैद्यकीय तपासणी झाली आहे आणि १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांप्रमाणे त्याचे प्रशिक्षण पूर्ण झाले आहे, याची कागदपत्रे पाहिल्याशिवाय त्याला खाली जाण्याचा क्रमांक देऊ नये. मुकादम रागावेल, काम अडले म्हणून वरून दूरध्वनी येईल. तेव्हा शांतपणे लेखी आदेश मागावा. असा लेखी आदेश मला एकदाही मिळाला नाही, इतके सांगतो.

क्रमांकावर इतका भर देण्याचे कारण आहे. खाणीच्या फाटकावर मराठी, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी अशा अनेक बोली कानावर पडतात आणि एकच नाव तीन मुंशी तीन प्रकारे लिहितात. आपल्याकडच्या एका गावातून आलेल्या सहा मुलांपैकी तीन पाटील असणे नवलाचे नाही. नाव ओळखीसाठी ठेवावे आणि मोजणी क्रमांकावर करावी.

पाहुण्यांसाठी वेगळी वही, वेगळ्या रंगाचे हेल्मेट आणि सोबत एक जबाबदार माणूस असावा. पाहुणा खाली जाणार असल्यास त्याची नोंद पाहुण्यांच्या वहीत करून भागत नाही; तीच नोंद खाली गेलेल्यांच्या नोंदीतही झाली पाहिजे. मोठे साहेब तपासणीला आले की हा नियम सर्वांत आधी मोडतो. स्त्री अभियंता व अधिकाऱ्यांविषयी लक्षात ठेवावे की, २०१९ मध्ये तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामासाठी, त्यांच्या लेखी संमतीने, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत आणि किमान तिघींच्या गटाने त्यांची भूमिगत नेमणूक करण्याची मुभा मिळाली. म्हणजे त्यांच्यासाठी स्वतंत्र कपडे बदलण्याची खोली व स्वच्छतागृह तोंडाजवळ असले पाहिजे; कार्यालयाच्या इमारतीत आहे, हे उत्तर पुरेसे नाही.

लॅम्प रूम आणि झडती

प्रवेश-व्यवस्थेचा कणा लॅम्प रूम आहे, म्हणून इथे थोडे थांबू. प्रत्येक कॅप लॅम्पवर क्रमांक असतो आणि तो शक्यतो त्याच कामगाराला रोज दिला जातो. कामगार आपला बिल्ला देतो, लॅम्प घेतो, आणि बिल्ला त्या लॅम्पच्या रिकाम्या खुंटीवर टांगला जातो. परत येताना लॅम्प जागेवर जातो आणि बिल्ला मालकाकडे जातो. त्यामुळे फळ्यावर टांगलेले बिल्ले म्हणजे खाली असलेली माणसे. संगणक, कार्ड, बोटाच्या ठशाचे यंत्र यांपैकी काहीही आले असले तरी ही खुंटी काढू नये, कारण वीज जाते त्याच वेळी मोजणीची गरज सर्वाधिक असते.

या व्यवस्थेला तीन ठिकाणी भोक पडते. एक जण दोघांचे लॅम्प घेऊन जातो. त्यावर उपाय एकच, लॅम्प ज्याचा त्यालाच द्यावा. दुसरे असे की, कामगार दुसऱ्या तोंडाने बाहेर पडून थेट घरी जातो, लॅम्प उशिरा येतो आणि तोवर तो कागदावर खालीच राहतो. तिसरे, बिघडलेला लॅम्प मध्येच बदलून दिला जातो व नव्या क्रमांकाची नोंद राहून जाते. लॅम्प देणाऱ्या माणसाला या तिन्ही गोष्टी ठाऊक असतात. आपण विचारल्या तर तो उपायही सांगतो.

लॅम्पसोबत सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे हवा बिघडल्यास श्वास घेण्याचे उपकरण, दिला जातो. जुन्या फिल्टर प्रकारचा रेस्क्यूअर फक्त कार्बन मोनॉक्साइडपासून वाचवतो. हवेत प्राणवायूच कमी असेल तर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून स्वतःचा प्राणवायू पुरवणारे उपकरण असावे. त्याचे सील, डब्याचा पोचा आणि मुदत रोज देताना पाहावी. पट्टा तुटलेला रेस्क्यूअर कामगार खाली कुठेतरी टांगून ठेवतो आणि तिथेच विसरतो, म्हणून पट्ट्याची दुरुस्ती क्षुल्लक समजू नये.

लॅम्प रूम आणि तोंड यांच्यामध्ये झडती असते. विडी, सिगारेट, काडेपेटी, लायटर आणि मोबाइल यांपैकी काहीही खाली जाता कामा नये. आपल्याकडे वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणीत काम केलेल्यांच्या घरी या शिस्तीची ओळख आहे, आणि जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीजवळ विडी ओढणाऱ्याला मालक कसा बाहेर काढतो, हेही आपण पाहिलेले आहे. खाणीत हवेत मिथेन हा पेटणारा वायू असू शकतो, म्हणून ती शिस्त इथे आणखी कडक लागते. झडती घेणारा माणूस रोज तोच नसावा, झडतीचा क्रम ठरलेला नसावा, आणि अधिकाऱ्याने स्वतः हात वर करून आधी झडती द्यावी. वस्तू ठेवण्यासाठी तिथेच क्रमांकाचे छोटे कप्पे असावेत. काडेपेटी ठेवायला जागा नसली की ती टिफिनच्या डब्यात लपते.

तोंडावर : डोली, चेअरलिफ्ट आणि संकेत

पिट असेल तर डोलीवर (माणसांना वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात) एका वेळी किती माणसे जातील, हे तोंडावर ठळक लिहिलेले असावे आणि त्यावर बँक्समनचा, म्हणजे तोंडावर डोलीची चढउतार सांभाळणाऱ्याचा, शब्द अखेरचा असावा. घंटेच्या संकेतांचा फलक वर-खाली दोन्हीकडे लागतो : थांबलेल्या यंत्राला १ ठोका म्हणजे वर घे आणि चालू यंत्राला १ ठोका म्हणजे थांब, २ म्हणजे खाली सोड, ३ म्हणजे माणसे बसणार आहेत, आणि उलट ३ ठोके आल्याशिवाय कोणी डोलीत पाय ठेवायचा नाही. नव्या माणसाने हे पाठ करावे, पण संकेत देण्याच्या फंदात पडू नये; ते काम ज्याच्या नावे आहे त्यानेच करायचे. इन्क्लाइनवर चालण्याची वाट आणि हॉलेजची (कोळशाचे टब दोरीने ओढण्याची) वाट वेगळी आहे ना, टब चालू असताना कोणी त्या वाटेने खाली उतरत नाही ना, आणि चेअरलिफ्ट असल्यास तिची ओढून थांबवायची दोरी चालते ना, हे पाळी सुरू होण्यापूर्वी पाहून घ्यावे.

पंखा, वीज आणि स्फोटके

मुख्य पंखा पृष्ठभागावर असतो, म्हणून त्याची राखणही वरच्यांचीच. प्रत्येक वायुवीजन विभागात सर्वांत मोठ्या पाळीतील माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर किंवा रोजच्या उत्पादनाच्या टनामागे २.५ घनमीटर, यांपैकी जे अधिक असेल तितकी हवा पोचली पाहिजे. हवा मोजण्याचे काम वायुवीजन अधिकाऱ्याचे आहे. आपण पाहायचे ते असे : पंखेघराचा रस्ता मोकळा आहे, दाबाची नोंद करणारे यंत्र चालू आहे, त्याचा कागद संपलेला नाही, आणि पंखा बंद पडल्यास कोणाला, कोणत्या क्रमाने कळवायचे याचा स्थायी आदेश पंखेवाल्याला तोंडपाठ आहे. पंखा थांबला की खालची वीज तोडणे व माणसे मागे घेणे, हे निर्णय मिनिटांत घ्यावे लागतात, आणि पहिला दूरध्वनी त्याच खोलीतून जातो.

स्फोटकांच्या गोदामाच्या बाबतीत नव्या माणसाने कमीत कमी हात घालावा. परवाना २००८ च्या स्फोटके नियमांखाली असतो. खाली नेताना स्फोटके कुलूपबंद डब्यात, एका डब्यात ५ किलोपेक्षा जास्त नाहीत अशी, आणि डिटोनेटर (स्फोट सुरू करणाऱ्या टोप्या) नेहमी वेगळ्या डब्यात, अशी ने-आण होते. ज्या वेळी हे डबे तोंडाकडे जातात त्या वेळी तो रस्ता इतरांसाठी बंद ठेवणे, एवढे आपले काम आहे आणि ते चोख करावे.

कोळशाचे आवार आणि काटा

कोळसा वर आला की धोका संपला, असा समज असतो. आपल्याकडे ओलसर कडब्याची गंजी रचली की आठवड्याभरात आतून वाफा निघतात आणि कधीकधी ती पेटते. कोळशाच्या ढिगाचेही तसेच होते, कारण बारीक कोळसा हवेतला प्राणवायू घेत राहतो, तापतो, आणि ती उष्णता ढिगाबाहेर पडू शकत नाही. ढीग कमी उंचीचा, थरांनी दाबून केलेला आणि कडांना भुसभुशीत न ठेवलेला असावा. जुना कोळसा आधी उचलावा. ट्रकवाल्यांना सोयीचा असतो रस्त्याकडचा नवा कोळसा, म्हणून मागचा ढीग महिनोन्महिने पडून तापतो. ढिगात लोखंडी नळ्या रोवून तापमान रोज ठरावीक वेळी घ्यावे, आणि एखाद्या जागी आकडा रोज चढत असेल तर वाफ दिसण्याची वाट पाहू नये. तापलेल्या ढिगावर नुसते पाणी मारून उपयोग होत नाही. तो भाग यंत्राने उकरून मोकळ्या जागेत पसरावा आणि मग विझवावा.

काट्यावर रांग लागते आणि रांगेतच अपघात होतात. मे महिन्यात चंद्रपूरचे ऊन आपल्या भुसावळइतकेच कडक असते; क्लीनर ट्रकच्या सावलीत, चाकापाशी झोपतो. म्हणून रांगेजवळ पत्र्याची का होईना शेड आणि पाण्याचा माठ हवा, थांबलेल्या ट्रकच्या चाकाखाली ठोकळा हवा, आणि स्टोव्हवर स्वयंपाक करण्याची जागा कोळशापासून दूर ठरवून द्यायला हवी. नुसता ‘स्टोव्ह पेटवू नये’ असा फलक लावल्यास तो ट्रकच्या आडोशाला पेटतो. रिकाम्या गाडीचे वजन प्रत्येक खेपेला घ्यावे, ताडपत्री बांधल्याशिवाय गाडी सोडू नये, आणि काट्यावरच्या माणसाची पाळी अधूनमधून बदलावी. शेवटच्या सूचनेचे कारण केळीच्या किंवा कापसाच्या काट्यावर उभ्या राहिलेल्या कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही.

पावसाळ्यापूर्वी

खाणीच्या प्रत्येक प्रवेशाचा सर्वांत खालचा बिंदू त्या जागी नोंदल्या गेलेल्या सर्वोच्च पूररेषेपेक्षा किमान १.५ मीटर वर असावा लागतो. ही रेषा रंगवून ठेवावी. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये झारखंडमधील, तेव्हाच्या बिहारमधील, गसलीटांड खाणीत कात्री नदीचे पाणी शिरून ६४ कामगार दगावले. हतनूरचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना सूचना जाते, तशीच इरई धरणाची किंवा वर्धा नदीची सूचना थेट आपल्या नियंत्रण कक्षात येईल अशी लेखी व्यवस्था जूनपूर्वी करावी, आणि सूचना आल्यावर माणसे बाहेर काढण्याचा निर्णय रात्री कोण घेईल, त्याचे नाव तिथे लिहून ठेवावे. ओढे, नाले, गटारे साफ करणे हे तर ओघानेच आले.

पाणी, अंघोळ, निवारा

१९५२ च्या अधिनियमाखाली किमान मापे अशी होती : एका वेळी कामावर असलेल्या माणसामागे २ लिटर पिण्याचे पाणी, ५० हून अधिक माणसे असल्यास निवारा, १५० हून अधिक असल्यास प्रथमोपचार खोली, २५० हून अधिक असल्यास कँटीन. विदर्भाच्या उन्हाळ्यात २ लिटर पुरत नाही, हे तिथे एक दिवस काढलेला कोणीही सांगेल. अंघोळीची जागा तोंडाजवळ आणि बाहेर येताना लॅम्प रूमच्या पुढे असावी, म्हणजे कामगार लॅम्प जमा करूनच अंघोळीला जातो. उलट मांडणी असलेल्या एका खाणीवर मी होतो. तिथे लोक लॅम्पसकट अंघोळीला, तिथून चहाला जात, आणि फळा तासभर खोटे बोलत असे.

आणीबाणी आणि सराव

दुर्घटना घडते तेव्हा फाटकावर तीन लोंढे एकदम येतात : नातेवाईक, अधिकारी आणि बचाव पथक. पथकाचा रस्ता आधीपासून आखलेला व मोकळा असावा, त्यावर एकही ट्रक उभा नसावा. नातेवाइकांसाठी छपराची, पाण्याची सोय असलेली वेगळी जागा असावी आणि दर तासाला त्यांच्याशी बोलणारा एकच अधिकारी नेमावा. तोंडाजवळ ज्याचे नाव यादीत आहे त्याच्याशिवाय कोणालाही सोडू नये, हुद्दा कोणताही असो. त्या गर्दीत मदतीच्या ओढीने न नोंदता खाली उतरलेला माणूस बचाव पथकाचे काम दुप्पट करतो.

१३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरले, तेव्हा वरून बोअर घेऊन पोलादी कॅप्सूलमधून ६५ जणांना वर काढण्यात आले आणि जसवंतसिंग गिल हे अभियंते स्वतः त्या कॅप्सूलमधून खाली उतरले होते. बोअर कुठे घ्यायचा, हे वरचा नकाशा आणि खालचा नकाशा जुळल्याशिवाय ठरत नाही, आणि ड्रिलिंग यंत्राला उभे राहायला सपाट जागा व तिथवर पोचायला पक्की वाट लागते. पहिल्या आठवड्यातील पायी फेरीत या जागा टिपून ठेवायच्या त्या यासाठी.

सराव तीन महिन्यांतून एकदा, आणि तोही दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीत, न कळवता घ्यावा. भोंगा वाजल्यावर घड्याळ लावून चार आकडे मागवावेत : हजेरी वहीतला, लॅम्प रूमच्या फळ्यावरचा, बँक्समनने मोजलेला आणि खालून ओव्हरमनने (खालच्या पाळीवर देखरेख करणाऱ्याने) दूरध्वनीवर सांगितलेला. माझ्या पहिल्या सरावात चारही वेगळे निघाले आणि ते जुळायला पाऊण तास लागला. एक बिल्ला तरीही उरला. त्याचा मालक सुटीवर गावी गेला होता आणि त्याच्या लॅम्पवर मुकादमाने दुसऱ्याच मुलाला खाली उतरवले होते, ज्याचे नाव आमच्यापैकी कोणाच्याही वहीत नव्हते.